हिवाळ्यात घरातल्या सुल्काटाला काय खायला घालायचं

सुल्काटा हे सहाराच्या दक्षिण कडेला असलेल्या गवताळ पट्ट्यातलं कासव. ते शीतनिद्रा घेत नाही. न्यूजर्सी असो की शिकागो, थंडी सुरू झाली की त्याला आत आणावंच लागतं आणि आत आल्यावरही त्याची भूक चालूच राहते. गडबड इथेच होते. उन्हाळाभर अंगणात चरलेलं कासव एकदम दुकानातल्या लेट्यूसवर येतं. लेट्यूसमध्ये पाणी भरपूर, तंतू नाममात्र. शी पातळ होते, आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल ढळतो, आणि मग कासव मऊ पानांखेरीज कशालाही तोंड लावत नाही. मोठ्या सुल्काटाच्या खाण्यात हिवाळ्यातही निदान तीन-चतुर्थांश गवतच हवं.

ताजं गवत नसेल तर वाळलेलं. ऑर्चर्ड ग्रास मऊ असतं, टिमथी हे दुसरं गवत घ्यायचं तर दुसऱ्या कापणीचं घ्यावं. पहिल्या कापणीतले दांडे जाड असतात. टोकदार तुरे काढून टाकावेत, ते डोळ्यांत आणि तोंडात टोचतात. मोठ्या कासवाला गवताचा ढीग दिवसभर समोर राहू द्यावा. पिल्लांचे जबडे एवढे बळकट नसतात. त्यांच्यासाठी कात्रीने एक-दीड सेंटिमीटरचे तुकडे करून कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवायचे, पिळायचे आणि बारीक चिरलेल्या एन्डाइव्हमध्ये (कडवट चवीची पालेभाजी) कालवायचे. सुरुवात एक भाग गवत, चार भाग पाला अशी. दर आठवड्याला गवत थोडं वाढवत जायचं. नुसतं वेगळं ठेवलं तर पिल्लू पाला तेवढा वेचून खातं, म्हणून कालवणं महत्त्वाचं.

घरात गहू किंवा ओट पेरणं सोपं आहे. उथळ ट्रेमध्ये पाचेक सेंटिमीटर माती घ्यावी, खत घातलेली नको. दाणे रात्रभर भिजवून एका थरात पसरायचे. पाती वीतभर झाली की वरून कापून द्यायची, मुळाशी राहिलेले पिठूळ दाणे द्यायचे नाहीत. चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन ट्रे लावले की खंड पडत नाही. बुरशी येते ती दाणे दाट पडल्याने, जास्त पाण्याने आणि हवा कोंडल्याने. बुरशी दिसली तर अख्खा ट्रे फेकावा.

उरलेल्या भागात एन्डाइव्ह, एस्करोल, डँडेलियनची पानं, जास्वंदीची आणि तुतीची पानं (उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली उत्तम) घालता येतात. मेक्सिकन दुकानात मिळणारे फड्या निवडुंगाचे तुकडे फार चांगले, त्यांत कॅल्शियम भरपूर असतं. भारतीय दुकानातली मेथी, कोथिंबीर कधीमधी चालेल. पालक आणि माठ नेहमी नको, त्यांतली ऑक्झॅलेट्स कॅल्शियम बांधून ठेवतात. अळू तर अजिबात नको. पोळी, भात, डाळ, फळं यांपैकी काहीही देऊ नये. पिष्ट आणि साखर आतड्यात आंबते. लाडाने घातलेला केळ्याचा तुकडाही यात येतो.

पिल्लांच्या पाल्यावर आठवड्यातून तीन-चार वेळा चिमूटभर साधं कॅल्शियम कार्बोनेट भुरभुरावं. पण यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, कारण ते शोषून घ्यायला लागणारं ड जीवनसत्त्व त्वचेत याच किरणांनी बनतं. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत. यूव्हीबी नळी प्रकाश देत राहते तरी किरण घटत जातात, म्हणून सुमारे वर्षाने बदलावी.

अन्न पचतं ते उबेने. ऊब देणाऱ्या दिव्याखालची जागा ३५ ते ३८ अंश सेल्सिअस, बाकी खोली २६-२७ च्या आसपास हवी, रात्रीसुद्धा. तापमान कासवाच्या पाठीच्या उंचीवर मोजायचं. भिंतीवरचा तापमापक दिलासा देतो, पण जमीन थंडच असते. दिवे लागल्यावर तासाभराने खायला द्यावं, म्हणजे नंतर ऊब घ्यायला दिवस मिळतो. थंड पोटात अन्न साचून कुजतं. दिवा रोज १२ ते १४ तास हवा. प्रकाश कमी झाला की भूक मंदावते आणि पाळणारे उगीच गोडधोड द्यायला लागतात.

हीटरने घरातली हवा फार कोरडी होते, आणि वाळलेल्या गवतात पाणी नसतंच. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवावं. पाणी हनुवटीखालीच राहिलं पाहिजे. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा खरखरीत झाला तर पाणी कमी पडतंय, आणि सुल्काटाला मूत्राशयात खडे लवकर होतात. पिल्लांच्या कवचावर उंचवटे येण्यामागेही कोरडी हवा हे मोठं कारण आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुल्काटांवरच्या अभ्यासात आहारातल्या प्रथिनांपेक्षा आर्द्रतेचा परिणाम जास्त दिसला.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आपलं तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, ते घरात पाळणं गुन्हा आहे. वरचं सगळं त्याच्यासाठी नाही.

पिल्लाचं वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहून ठेवावं, आंघोळीआधी. ऊब आणि उजेड बरोबर असूनही खाणं सुटलं, वजन घसरलं किंवा नाकातून बुडबुडे आले, तर आहार बदलत बसू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं.