लुगानोचा गल्ला : दुपारी अडणाऱ्या पेमेंटचे मूळ सापडले

स्वित्झर्लंडमधील लुगानोतील मित्राच्या कॉफीच्या दुकानातला आपला लाइटनिंग नोड (बिटकॉइनची झटपट देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्यातला आपला संगणक) सकाळी सुरळीत चालतो आणि दुपारच्या गर्दीत मोठी बिले अडतात, हे गेल्या नोंदीत लिहिले होते. तीन आठवडे छळणाऱ्या या दोषाचे मूळ शनिवारी सापडले, आणि ते मी शोधत होतो तिथे नव्हतेच.

4,600 सॅट्सची (सॅट हा बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) कॉफी क्षणात चुकती होत असे. 18,000 सॅट्सचे बिल आले की मात्र ग्राहकाच्या फोनवर चक्र फिरत राही आणि अखेरीस ‘मार्ग सापडला नाही’ असा संदेश येई. त्या क्षणाची एकही ओळ नोड चालवणाऱ्या एलएनडी या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये नसे. मी नोड ज्यावर चालतो त्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर संशय घेतला, एसएसडीची केबल बदलली, ओळख लपवणारे टॉरचे जाळे सोडून नोड थेट आयपीवर आणला. कशानेही फरक पडला नाही. लॉग कोरा राहतो याचा अर्थ पैसे आपल्या दारापर्यंत येतच नाहीत, आपल्या आधीच्या नोडवरूनच परततात, हे ध्यानात यायला फार वेळ गेला.

मग दोन्ही चॅनलचे, म्हणजे दोन नोडमधल्या ठरावीक क्षमतेच्या पैशांच्या वाटांचे, आकडे शेजारीशेजारी मांडले. 20 लाख सॅट्सच्या जुन्या सार्वजनिक चॅनलमध्ये समोरच्या नोडच्या बाजूला 29,000 उरले होते, पण चॅनलच्या क्षमतेच्या एक टक्का, म्हणजे 20,000 सॅट्स, राखीव असल्याने प्रत्यक्षात येऊ शकत होते फक्त 9,000. विकत घेतलेले नवे 30 लाखांचे चॅनल जवळजवळ पूर्ण मोकळे होते, तरी ते अघोषित, म्हणजे जाळ्याला जाहीर न केलेले, असल्यामुळे इन्व्हॉइसमध्ये (बिलाच्या कोडमध्ये) राउट हिंट, म्हणजे त्या वाटेची सूचना, असल्याखेरीज ग्राहकाच्या वॉलेटला त्याचा पत्ताच लागत नव्हता. एकूण इनबाउंडची, म्हणजे आत येऊ शकणाऱ्या रकमेची, बेरीज पाहून मी निश्चिंत होतो, तिथेच चूक झाली. चॅनल अघोषित आहे, हे विक्रेत्याने आधी स्पष्ट सांगायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. कारण चालू चॅनल नंतर सार्वजनिक करता येत नाही, ते बंद करून नव्याने उघडावे लागते.

बिल बनवणाऱ्या बीटीसीपे सर्व्हर या सॉफ्टवेअरच्या लाइटनिंग सेटिंगमध्ये खासगी चॅनलचे हिंट जोडण्याची चौकट आहे. तिच्यावर खूण केली आणि फिनिक्स या वॉलेटमधून 18,000 सॅट्स पाठवले, तर हातातला कप खाली ठेवेपर्यंत पडद्यावर हिरवी खूण आली होती! बिटकॉइनच्या मूळ साखळीतल्या दहा मिनिटांच्या ब्लॉकची वाट गल्ल्यावर कोणी पाहू शकत नाही. हा सारा खटाटोप त्या एका क्षणासाठीच तर आहे. हिंटमुळे इन्व्हॉइस लांबले आणि क्यूआरची नक्षी इतकी दाट झाली की एका जुन्या फोनला ती वाचता येईना. कोड पडद्याच्या पूर्ण रुंदीचा केल्यावर तीही अडचण सुटली.

जुने चॅनल मोकळे करण्यासाठी दर रविवारी लूप आउट करण्याचे, म्हणजे त्यातले सॅट्स मूळ साखळीवर काढण्याचे, ठरवले होते. पण ही नोंद लिहितानाच दुसरा मार्ग सुचला : कॉफी भाजून देणाऱ्याचे साप्ताहिक बिल, साधारण दीड लाख सॅट्स, लाइटनिंगनेच आणि मुद्दाम याच चॅनलमधून चुकवले, तर तेवढेच इनबाउंड परत मिळेल आणि ऑन-चेन (मूळ साखळीवरचे) शुल्कही वाचेल. दुकान फक्त घेतच राहिले तर चॅनल भरणारच. कॉफी भाजणारा लाइटनिंगने पैसे घ्यायला तयार आहे, असे मित्राने आत्ताच फोनवर सांगितले; त्यामुळे लूपचा बेत बाजूला ठेवून मंगळवारचे बिल आधी असेच देऊन पाहतो.