प्रियसचा गिअरसेट प्रिंट झाला, आता फिरतोय!

मंडळी, अपडेट देतो. पहिल्या टोयोटा प्रियसच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हीवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीच्या, पॉवर स्प्लिट गिअरसेटचं (इंजिनची ताकद चाकं आणि जनरेटरमध्ये वाटणारे गिअर) डिझाइन मागे इथे पोस्ट केलं होतं ना, तो 3D प्रिंट होऊन टेबलावर फिरतोय आणि खरं सांगतो, हातातून खाली ठेववत नाहीये. मधला सन गिअर 30 दाते, बाहेरची रिंग 78 दाते, हे आकडे मूळ गाडीचेच. या दोघांच्या मधे फिरणारे छोटे गिअर म्हणजे प्लॅनेट, ते चार, प्रत्येकी 24 दात्यांचे, आणि 30 नि 78 ची बेरीज 108, तिला चारने पूर्ण भाग जातो म्हणून चारही सारख्या अंतरावर बसतात, कुठे रेटावं लागत नाही.

तीन हँडल लावलीत. कॅरिअरला, म्हणजे चारही प्लॅनेट धरून ठेवणाऱ्या चौकटीला, लाल, ते इंजिन. सनला निळं, ती छोटी मोटर, एमजी 1, जी जनरेटरचंही काम करते. रिंगला हिरवं, म्हणजे चाकं आणि मोठी मोटर एमजी 2.

आता बघा, हिरवं घट्ट धरायचं, म्हणजे गाडी सिग्नलला उभी, आणि लाल एक फेरा फिरवलं की निळं 3.6 फेरे घेतं! इंजिन चालू, चाकं थांबलेली, मधे क्लच नाही तरी इंजिन बंद पडत नाही, उलट बॅटरी चार्ज होतेय. तसंच हिरवं धरून निळं फिरवलं की लाल फिरतं, झाला स्टार्टर, वेगळा लागतच नाही. मग लाल धरा आणि हिरवं फिरवा, निळं उलट्या दिशेला 2.6 पट पळतं, म्हणूनच स्पीड वाढला की इंजिन फिरतं ठेवावंच लागायचं, नाहीतर एमजी 1 मर्यादेबाहेर जाणार.

इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कायम 28 टक्के सनकडे, 72 टक्के रिंगकडे, ते दात्यांनीच ठरवून टाकलंय. पण इंजिनचा स्पीड चाकांना बांधलेला नाही, म्हणून कॉम्प्युटर त्याला पेट्रोल कमीत कमी जळेल तिथे चालवतो. माझ्या मते कमी प्रदूषणाचं खरं मूळ इथे आहे, लोक नुसतं बॅटरी बॅटरी करतात. इंजिन पण 1.5 लिटरचं अ‍ॅटकिन्सन सायकलवालं, म्हणजे हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पेट्रोल वाचतं पण ताकद फक्त 58 हॉर्सपॉवर, कमी पडेल तिथे एमजी 2 धावून येते.

आणि हे सगळं 1993 ला सुरू झालेल्या टोयोटाच्या जी21 प्रोजेक्टमधून आलं, चीफ इंजिनिअर ताकेशी उचियामादा. 1995 च्या शेवटी पहिला प्रोटोटाइप 49 दिवस जागचा हललाच नव्हता, आणि डिसेंबर 1997 ला जपानमध्ये गाडी विकायला आली पण, तिथल्या टेस्टला लिटरला 28 किलोमीटर! त्या टीमबद्दल फार आदर वाटतो.

पुढचं काम म्हणजे निळ्या आणि हिरव्या हँडलच्या जागी छोट्या डीसी मोटर बसवायच्या, निळीवर एक एलईडी, म्हणजे सिग्नलवाला प्रयोग करताना चार्जिंग डोळ्यांना दिसेल. कमी आरपीएमला एलईडी पेटवेल अशी मोटर कोणी वापरली असेल तर सांगा, सन गिअरचं भोक त्याच शाफ्टच्या मापाने काढतो.