विहीर कागदावर नव्हती

भूसंपादनाची नोटीस आल्यावर घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, "भाव काय मिळणार?" मी मात्र संयुक्त मोजणीच्या (सरकारी खात्यांनी मिळून केलेल्या जमिनीच्या मोजणीच्या) कागदात अडकलो होतो. त्यात आमची विहीरच नव्हती! सातबाऱ्यावर तिची नोंद आम्ही कधी केली नाही, ही चूक आमचीच. पण दगडात बांधलेली, पायऱ्यांची विहीर मोजणाऱ्यांना दिसू नये?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्यालाच हरकत असेल तर कलम ११ च्या अधिसूचनेपासून ६० दिवस मिळतात. विहीर-झाडांचा दावा मांडायचा तो कलम २१ च्या नोटिशीनंतर. मी अर्ज दिला, फोटो जोडले, पोच घेतली. (पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नये, ही वडिलांची शिकवण.) पुन्हा पंचनामा झाला. टेप आत सोडली तसा काठावरचा बेडूक टुणकन पाण्यात.

गणित तसं सोपं: बाजारभाव गुणिले गुणक (बाजारभावाला ज्याने गुणायचं तो ठरवून दिलेला आकडा), अधिक झाडं, विहीर, बांधकाम, आणि त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. खरं भांडण बाजारभावाचं. आजूबाजूची कोणती खरेदीखतं धरली, यावर सगळं फिरतं.

मोबदला ठरवणारा निवाडा आला, भाव कमीच वाटला. पैसे उचलले, पण 'निषेध नोंदवून' असं लिहूनच. ते राहिलं तर कलम ६४ खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्याला मुदत सहाच आठवडे. आमचा अर्ज अडतिसाव्या दिवशी गेला.