बी टाका, साल ठेवा

शहरातल्या किराणा दुकानात तिरफळ हा कोकणी मसाला मागितला की बरेचदा त्रिफळा चूर्णाचा डबा पुढे येतो. सिंधुदुर्गात असा घोटाळा होत नाही. लिंबाच्या कुळातलं हे झाड, चीनमधल्या सिचुआन मिरीचं भावंड. म्हणून वास लिंबाच्या सालीसारखा आणि चव झिणझिण्यांची. मिरचीसारखी आग नाही, जीभ जराशी बधिर होते.

पाऊस ओसरता ओसरता हिरवे घोस भरतात. झाडावर चढायचा विचारही करू नये. खोडावर शंकूसारखे जाड काटे, फांद्यांवर बारीक. खाली गोणपाट अंथरायचं आणि आकडीने घोस ओढायचे. मग ऑक्टोबरचं कडक ऊन द्यायचं. फळ उकलून आतलं काळं, चकचकीत बी दिसलं की खरं काम सुरू: बी वेचून टाकायचं, साल ठेवायची. कंटाळवाणं खरं, पण बी राहिलं तर कालवणात कडवटपणा आणि दाताखाली कचकच. अर्धवट सुकलेली तिरफळं बरणीत भरली तर बुरशी ठरलेली.

तिरफळाची जोडी तेलकट मासळीशी: बांगडा, तारली, पेडवे. पापलेटला घालणं म्हणजे पापलेट वाया घालवणं. चार मध्यम बांगड्यांना अर्ध्या नारळाचं खोबरं, आठ-दहा भिजवलेल्या बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद असं गंधासारखं वाटण. तिरफळं आठ-दहा, ओली असतील तर पाच-सहा पुरेत. ती वाटणात घालून वाटायची नाहीत, तिथेच बहुतेकांचं बिघडतं: बारीक झाली की सगळा रस्सा कडू. चमचाभर पाण्यात नुसती ठेचायची. वाटणाला उकळी आली की बांगडे, मीठ, चार आमसुलं आणि ठेचलेली तिरफळं पाण्यासकट सोडायची. मंद आचेवर सहा-सात मिनिटं. वरून चमचाभर कच्चं खोबरेल, झाकण, आणि निदान अर्धा तास हात लावायचा नाही. कांदा नको, लसूण नको, फोडणी तर नकोच. तिरफळाचा वास दुसऱ्या कुणाला जागा देत नाही आणि कुणी घुसलंच तर रुसतो.

शिवराकाच्या, म्हणजे मासळी-मटण नसलेल्या जेवणाच्या, दिवशी तुरीच्या डाळीच्या आमटीत चार-पाच ठेचून टाकली तरी भागतं. जेवताना साली ताटाच्या कडेला काढायच्या. पाहुण्याला हे आधी सांगावं, नाहीतर तो अख्खं तिरफळ चावतो आणि पुढचे दोन घास त्याला कशाचीच चव लागत नाही.