बाईंची तालीम आणि मुठीत मावणारा प्लेअर

१९९१ ते १९९६ या काळात डोंबिवलीला ज्या बाईंकडे मी गाणे शिकले, त्यांनी तालीम टेप करण्याची परवानगी दिली होती. अट एकच होती, त्या कॅसेट कोणाला द्यायच्या नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा टेपरेकॉर्डर मी तंबोऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवत असे. अशा ४२ कॅसेट जमल्या. त्यांपैकी ३० साठ मिनिटांच्या आणि १२ नव्वद मिनिटांच्या, म्हणजे एकूण ४८ तासांचे ध्वनिमुद्रण. त्या वर्षांत बँकेत जाता-येता वॉकमनवर मी त्याच ऐकत असे. नंतर वॉकमन बिघडला, घरातली कामे वाढली आणि कॅसेटचे खोके कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले. बाई गेल्या त्या वर्षी ते खाली काढले, तेव्हा पहिल्या कॅसेटची फीत गुंडाळीला चिकटलेली होती आणि दुसरीतली फेल्टची लहानशी गादी गळून पडली होती. यापुढे थांबलो तर काहीच उरणार नाही, हे त्या दिवशी कळले.

ही तालीम मला फोनवर ठेवायची नव्हती. विलंबित एकतालातला ख्याल ऐकताना बाराव्या मात्रेनंतर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते, त्याच क्षणी फोनची घंटा वाजली तर ते आवर्तन, म्हणजे तालाचा तो पूर्ण फेरा, वाया जाते, आणि माझ्या कामाच्या स्वरूपामुळे फोन बंद ठेवणे शक्य नसते. म्हणून ८ जीबी साठवणीचा, बटणांचा, मुठीत मावणारा साधा प्लेअर घेतला. त्याला टचस्क्रीन नाही, हेच मला सर्वांत आवडले. डोंबिवलीहून सुटणाऱ्या फास्ट गाडीच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली असताना पर्समध्ये हात घालून, न बघता बटण दाबता येणे ही मोठी सोय आहे.

प्लेअर एका दिवसात आला. कॅसेट त्यात उतरवायला मात्र जवळजवळ सहा महिन्यांचे रविवार लागले. कॅसेट जेवढा वेळ वाजते, तेवढाच वेळ तिच्या उतरवणीला लागतो, त्यात घाई करता येत नाही. जुन्या टेपडेकचा रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता, तो बदलून घेतला. प्रत्येक कॅसेटआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने हेड पुसले आणि कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणली, म्हणजे चिकटलेली फीत सैल होते. गादी गळालेल्या कॅसेटची फीत दुसऱ्या कॅसेटच्या कवचात भरली. लॅपटॉपला लाइन-इन नव्हते, त्यामुळे यूएसबीला जोडायची एक छोटी डबी घ्यावी लागली. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरले. पहिल्या कॅसेटला मी आवाजाची पातळी जास्त ठेवली आणि बाईंच्या तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, तो फाटला. ती बाजू पुन्हा उतरवली आणि पुढे सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ दिला नाही.

दुसरी चूक याहून गंभीर होती. कॅसेटची सरसर घालवण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. शांत जागेतला नमुना दाखवला की त्यासारखा आवाज ते सगळीकडून काढून टाकते. मी नमुना म्हणून बाई गाण्याआधीचे काही सेकंद निवडले, पण त्यात मंदपणे तंबोरा चालू होता. परिणामी सरसर गेली, तशी जवारीही, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा झंकारही, गेली, आणि बाईंचा आवाज रिकाम्या खोलीतून यावा तसा कोरडा झाला. सुदैवाने मूळ फाइल तशीच ठेवली होती. त्यानंतर सरसरीला हात लावला नाही. ती कानाला दोन मिनिटांत सवयीची होते, तंबोऱ्याची उणीव मात्र सवयीची होत नाही.

सुराच्या पट्टीने मला आठवडाभर गोंधळात टाकले. बाई काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा ‘सा’ धरून, गात असत, हे मला पक्के ठाऊक होते, आणि पाच-सहा कॅसेटवर मात्र त्यांचा षड्ज पांढरी दोनच्या, म्हणजे अर्धा स्वर वरच्या पट्टीच्या, जवळ लागत होता. कारण नंतर उमगले. ध्वनिमुद्रण करताना रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरलेल्या होत्या, त्यामुळे फीत हळू फिरली होती. आता ती योग्य वेगाने वाजवल्यावर सूर चढा आणि लय जलद झाली. अर्धा स्वर खाली आणायचा तर वेग सुमारे साडेपाच टक्के कमी करावा लागतो. तेवढा केला आणि काळी एकचा स्वर बाजूला लावून ताडून पाहिला, तेव्हा सूर जुळला आणि शिवाय बाईंचे बोलणेही त्यांच्या नेहमीच्या संथ चालीवर आले. त्या दुरुस्तीनंतर ‘घाई नको, पुन्हा म्हण’ हे शब्द ऐकले आणि काम थांबवून बराच वेळ बसून राहिले.

मूळ ध्वनिमुद्रणे वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या फाइलच्या, स्वरूपात ठेवली. मिनिटाला सुमारे १० एमबी या हिशोबाने ती २९ जीबीच्या आसपास भरली आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर गेली. प्लेअरसाठी १२८ केबीपीएसची एमपीथ्री प्रत काढली, ती सगळी मिळून पावणेतीन जीबी झाली. कॅसेटची एक बाजू ही एकच फाइल ठेवली, तर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर माझा प्लेअर ती पहिल्यापासून वाजवतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले. ते पाडताना आवर्तन कोठेही तुटू दिले नाही. नावे देवनागरीत दिली तर पडद्यावर नुसते चौकोन उमटत, त्यामुळे रोमन लिपी आणि सुरुवातीला दोन अंकी क्रमांक, असा मार्ग काढला. क्रमांक दोन अंकी नसतील, तर एकानंतर दोन न वाजता दहा वाजतो.

गाडीतले ऐकणे घरातल्या ऐकण्यासारखे नसते. वॉकमनच्या काळात फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जाई, तेव्हा त्या मिनिटाभरात काहीच ऐकू येत नसे. आताही चाकांची घरघर मंद्र सप्तक, म्हणजे खालचे खर्जाचे स्वर, पूर्ण गिळते, आणि बाईंची आलापी तर मंद्रातच रमणारी. आवाज वाढवणे हा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. गाणाऱ्या माणसाने कानाशी असा खेळ करू नये, असे माझे ठाम मत आहे. कानात घट्ट बसणारी फोमची टोके लावली, तेव्हा बाहेरची घरघर इतकी कमी झाली की आवाज पूर्वीपेक्षा खाली ठेवूनही मंद्र धैवत स्पष्ट ऐकू येऊ लागला.

खरे शिकणे सुरू झाले ते प्लेअरवरच्या ए-बी बटणामुळे. एकदा दाबले की सुरुवात ठरते, दुसऱ्यांदा दाबले की शेवट ठरतो, आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत मी बाईंचा मारवा असा ऐकला. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर त्या किती वेळ थांबत आणि षड्जाला हात लावणे किती लांबवत, हे मी पूर्वी शिकले होते, तरी माझ्या गळ्यात ते उतरले नव्हते. मला नेहमी षड्जावर परतण्याची घाई होई. दादर ते ठाणे एकच आलाप फिरत राहिला, असे कितीतरी दिवस चालले, आणि मग एका रियाजात तो रिषभ माझ्याकडून आपोआप लांबला.

रागांची फोल्डरे मी वेळेनुसार लावली आहेत. सकाळच्या गाडीला तोडी आणि जौनपुरी, परतताना मारवा, पूरिया आणि उशीर झाला तर यमन. या क्रमात दुपारच्या रागांना जागा उरत नाही, कारण त्या वेळी मी बँकेच्या खिडकीमागे असते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. त्या दिवशी जेवण झाल्यावर स्वयंपाकघर आवरून गॅलरीत बसते, घराच्या लहान स्पीकरला प्लेअर जोडते आणि आधी सारंग, मग ऊन कलू लागले की भीमपलास लावते. त्या कॅसेटवर मध्येच बाईंच्या घरासमोरून जाणाऱ्या भाजीवाल्याची आरोळी आहे. ती मी कापलेली नाही.