मुंबईत बॅचलर पार्टी, आणि नवरदेवालाच हॉटेलात जागा नाही

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं लग्न ठरलं आणि बॅचलर पार्टीची सगळी जबाबदारी मी अंगावर घेतली. आम्ही आठ जण, कोल्हापूरला एकाच हॉस्टेलवर राहिलेलो. आज सात जण कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आहेत आणि नवरदेव नोकरीसाठी चेंबूरला. सहा वर्षांत आठही जण एका छताखाली झोपलेलो नव्हतो. म्हणून माझी एकच अट होती: शनिवारची रात्र सगळ्यांनी एकत्र काढायची. मुंबईत घर असलं तरी नवरदेवानेसुद्धा आमच्याबरोबर हॉटेलातच राहायचं.

पैसे आधी गोळा केले. माणशी चार हजार, नवरदेवाकडून काही नाही. ज्याचे पैसे आले त्याचंच तिकीट काढणार असं सांगितलं, तेव्हा दोन दिवसांत सगळे जमा झाले. महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं साठ दिवस आधी खुली होतात, त्या सकाळीच काढली. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे सातव्याचं वेगळं काढावं लागलं आणि तो बिचारा दुसऱ्या डब्यात गेला. बाकी प्रवास छान झाला.

सकाळी दादरला उतरलो. हॉटेल स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. अ‍ॅपवरून बुक केलेल्या तीन खोल्या, दोन जादा गाद्या, अर्धे पैसे आगाऊ भरलेले. लवकर चेक-इन मिळेल हेही फोनवर विचारून घेतलं होतं. साडेसातला आम्ही काउंटरवर, आठला नवरदेव चेंबूरहून हजर. साडेनवाची बोट धरून घारापुरीला जायचं ठरलं होतं.

रिसेप्शनवरच्या मुलाने आठ आधार कार्डं घेतली, एकेक उलटून पाहिलं आणि एक बाजूला काढून ठेवलं. नवरदेवाचं. "लोकल आयडी चालत नाही." मला आधी कळेचना. त्याने कार्डावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. चेंबूर, मुंबई. ज्याचा पत्ता मुंबईचा, त्याला खोली नाही. "घर इथे आहे तर हॉटेलात कशाला राहायचं?" हे त्याने सगळ्यांसमोर विचारलं, आणि ते मला आजही डाचतंय.

प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घेऊन नोंद ठेवणं हॉटेलला भाग आहे, ते मला मान्य आहे. पण गावातल्या माणसाला खोली देऊ नये असा कायदा नाही. तो त्या हॉटेलचा स्वतःचा नियम. मग तो बुकिंग घेताना सांगायला नको? मी दोनदा फोन केला होता, आठ मुलं आहोत हे स्पष्ट सांगितलं होतं. अ‍ॅपवर नियम होता म्हणे. शोधला तेव्हा सगळ्यात खाली, 'आणखी वाचा' दाबल्यावर बारीक अक्षरांत सापडला.

अ‍ॅपच्या हेल्पलाइनवर बावीस मिनिटं गेली. उत्तर आलं, हॉटेलशी बोला. हॉटेलवाला म्हणाला, मॅनेजरशी बोला. मॅनेजर कधी येणार? "येतील अकरापर्यंत." आमच्या बॅगा सोफ्याशेजारी ढीग करून ठेवलेल्या. नवरदेव मला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे रे, मी रात्री घरी जातो, सकाळी येतो." ते ऐकून माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी सात जण रात्रभर प्रवास करून आलो, तोच घरी झोपायला जाणार?

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याचं लायसन्स कोल्हापूरचं आहे, एमएच-०९, पत्ता गावचा. डिजिलॉकरमध्ये होतंच, लगेच दाखवलं. "मोबाइलवरचं नाही चालणार, ओरिजिनल पाहिजे." मूळ कार्ड चेंबूरला कपाटात. तो आणि मी निघालो. दादरहून कुर्ला, तिथे हार्बरला बदलून चेंबूर, कपाट उपसलं, लायसन्स सापडलं ते जुन्या पासबुकात. परत त्याच रस्त्याने. हॉटेलात पोहोचलो तेव्हा पावणेबारा. मॅनेजर सव्वाबाराला आले, लायसन्स हातात घेतलं, पत्ता वाचला आणि म्हणाले, "द्या यांना रूम." एक मिनिटही लागलं नाही. त्या एका मिनिटासाठी आमची अख्खी सकाळ गेली आणि कुणी साधं सॉरीही म्हटलं नाही.

म्हणून सांगतो, ग्रुपमधला एक जण जरी त्याच शहरात राहत असेल तर बुकिंगच्या आधी हॉटेलला थेट विचारा: लोकल आयडी चालतो का? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. गावचा पत्ता असलेलं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. आणि आधारची झेरॉक्स द्यायची असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून न्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आमच्या आठ झेरॉक्स त्या काउंटरवर उघड्या पडल्या होत्या, ते मला अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळ मात्र झकास गेली. टर्फवर दोन तास क्रिकेट, मग मरीन ड्राइव्ह. दादरला रिक्षा नाहीत, काळी-पिवळीत चारच बसतात, म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्सी धरा. नुसत्या मुलांच्या ग्रुपला बरेच बार आत घेत नाहीत. आम्ही तीन ठिकाणी नकार ऐकून चौथ्या ठिकाणी आठ दिवस आधी टेबल ठरवलं होतं. नवरदेवाचा धाकटा भाऊ आमच्यातलाच, तेवीस वर्षांचा. महाराष्ट्रात बिअरला एकवीस, पण व्हिस्की-रमला पंचवीस पूर्ण लागतात. तिथेही वय तपासलं, तो बिअरवर राहिला.

घारापुरी रविवारी झाली. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणजे रविवारही हुकला असता तर गेलंच होतं. गेटवेहून बोटीला तासभर लागतो. वरच्या डेकवर नवरदेव माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपला होता, सीगल अगदी कठड्याला घासून जात होते तरी जाग नाही. आदल्या रात्री तिन्ही खोल्यांतल्या गाद्या एकाच खोलीत ओढून आम्ही पहाटे चारपर्यंत बोलत बसलो होतो.

हो, रविवारी लोकलने फिरणार असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी कुठल्या मार्गावर काही तास गाड्या बंद आहेत, ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.

ग्रुपमधलं पुढचं लग्न डिसेंबरात आहे. तो नवरदेव सध्या पुण्यात नोकरीला, आधारवर पत्ता पुण्याचा, आणि त्याला पार्टी पुण्यातच हवीय. मूळ लायसन्स शोधून पाकिटात ठेव, असं मी त्याला आत्ताच बजावलंय.