सीपॅप चालू, एएचआय कमी, तरी रात्री ऑक्सिजन खाली का?

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन. त्याच्या रिपोर्टवर एएचआय (श्वास अडण्याचा आकडा) २ च्या आत आणि त्याच रात्रीच्या ऑक्सिमीटरच्या रिपोर्टवर 'किमान ८१ टक्के' असं दिसलं की खरं कोणाचं मानायचं, हा पहिला प्रश्न. दोन्ही खरे असू शकतात हे समजल्यावरच माझं कोडं सुटायला लागलं. बहुतेक सीपॅप मशीन ऑक्सिजन मोजतच नाहीत. त्यांना कळतो तो नळीतल्या हवेचा प्रवाह. श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला की मशीन एक घटना धरतं. अशा घटना तासाला सरासरी किती, तो एएचआय. पण श्वास कुठेही न थांबता अर्धा तास सलग उथळ राहिला, तर मशीनच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. रक्तातला ऑक्सिजन मात्र उतरलेला असतो.

'किमान' या आकड्याकडे मी आता सगळ्यात शेवटी बघते. हात अंगाखाली दबला किंवा क्लिप सरकली तरी तो आकडा भयंकर दिसतो. त्यापेक्षा तीन गोष्टी कामाच्या: झोपेत बहुतेक वेळ ऑक्सिजन कुठे टिकून आहे, ९० च्या खाली एकूण किती मिनिटं गेली, आणि तासाला किती वेळा ३ किंवा ४ टक्क्यांनी घसरण झाली. या शेवटच्या आकड्याला ओडीआय म्हणतात. आपलं सॉफ्टवेअर ३ टक्के धरतं की ४, हे आधी बघून ठेवावं. एकाच रात्रीचा ओडीआय दोन्ही निकषांनी बराच वेगळा येतो.

टिकून असलेली पातळी महत्त्वाची असण्याचं कारण रक्तातच आहे. साधारण ९० च्या वर फुप्फुसातला ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी टक्केवारी फारशी हलत नाही; त्याखाली ती झपाट्यानं कोसळते. म्हणून ९७ वर असणाऱ्याचा श्वास जरा अडला तर ९५ दिसेल, आणि ९१ वर असणारा तेवढ्याच अडथळ्याला ८६ पर्यंत जाईल.

आता यंत्राची विश्वासार्हता. चांगल्या ऑक्सिमीटरची अचूकताही साधारण अधिक-उणे २ टक्के असते, तीसुद्धा प्रत्येक रीडिंगला नाही, सुमारे दोन तृतीयांश रीडिंगना. ८९ आणि ९० मधल्या फरकावर झोप उडवण्यात अर्थ नाही. नेलपॉलिश काढावं, हात गार असतील तर पांघरुणात ठेवावेत, क्लिपपेक्षा रबरी टोपीचा सेन्सर बरा आणि त्याची वायर मनगटावर हलक्या चिकटपट्टीनं धरून ठेवावी. सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हेही ध्यानात असावं. स्मार्टवॉच अनेकदा मधूनमधूनच मोजतं, त्यामुळे या कामाला सेकंदासेकंदाची नोंद ठेवणारं यंत्रच हवं.

खरी घसरण आणि सेन्सरची गडबड ओळखायची ती नाडीच्या रेषेवरून. खरी घसरण उताराची असते: काही सेकंद घेत खाली येते, श्वास मोकळा होताच भरभर वर चढते, आणि त्या वेळी नाडी बहुधा वाढते. सेन्सर हलला असेल तर रेषा उभी कोसळते आणि नेमकी तिथेच नाडीची रेषाही तुटते किंवा भलतीच उडी मारते. असे तुकडे वगळल्यावर पुष्कळदा तो धडकी भरवणारा किमान आकडा उरतच नाही.

यानंतरचं खरं काम म्हणजे सीपॅपचा आणि ऑक्सिमीटरचा असे दोन्ही आलेख एकाखाली एक लावणं. त्यासाठी ऑस्कर हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मशीनमधलं एसडी कार्ड कॉम्प्युटरला लावण्याआधी त्याच्या कडेची छोटी खिटी लॉककडे सरकवायची, म्हणजे कॉम्प्युटर त्यावर काही लिहीत नाही. परत मशीनमध्ये घालताना लॉक आठवणीनं काढायचं, नाहीतर त्या रात्रीची तपशीलवार नोंद कार्डावर उतरत नाही. दोन्ही यंत्रांची घड्याळं मोबाईलशी ताडून फरक लिहून ठेवायचा. बोटापर्यंत रक्त पोचायला वेळ लागतो, त्यामुळे श्वास अडल्यानंतर वीस-तीस सेकंदांनी बोटावर घसरण दिसते. घड्याळात दोन मिनिटांचा फरक राहिला तर कारण आणि परिणाम यांची गाठच पडत नाही.

मग आकार वाचायचा. करवतीच्या दात्यांसारखी वरखाली रेषा म्हणजे श्वास पुन्हापुन्हा अडतोय. त्याच वेळी गळतीचा आलेख वर गेलेला असेल तर आधी मास्कची उशी, पट्टे, उघडं पडणारं तोंड हे बघायचं. मोठ्या गळतीत मशीनला घटना नीट मोजताच येत नाहीत, म्हणून तिथला कमी एएचआय फसवा. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटर ही गळतीची मर्यादा धरतात. गळती नसून दाते दिसत असतील तर उताणं झोपणं, रात्रीचं मद्य, किंवा प्रेशर कमी पडणं. श्वास सोडताना प्रेशर उतरवणारी सोयही तपासावी; ती ३ वर असेल तर काहींना नेमकं तेवढंच कमी पडतं. मशीन घटना मोकळ्या श्वासमार्गाच्या, म्हणजे सेंट्रल (मार्ग उघडा असूनही श्वासच न घेतलेल्या), म्हणून नोंदवत असेल तर आपल्या मनानं प्रेशर अजिबात वाढवू नये. त्यानं त्या वाढूही शकतात.

दाते नाहीत, पण रेषा बराच वेळ ८६-८८ वर सपाट पडून आहे, हा प्रकार वेगळा, आणि मला सगळ्यात जास्त गंभीर वाटतो तो हाच. असे पट्टे पहाटेकडे, स्वप्नांच्या झोपेत लांबतात, कारण त्या झोपेत छाती-पोटामधला श्वासाचा पडदा सोडून श्वासाचे बाकीचे स्नायू ढिले पडतात. मागे स्थूलपणामुळे अपुरा पडणारा श्वास, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार), स्नायूंचा किंवा हृदयाचा आजार असू शकतो. मास्क नीट करून हे सुटत नाही. ८८ किंवा त्याखाली एकूण पाच मिनिटांहून जास्त वेळ जात असेल तर दोन-तीन रात्रींचे आलेख छापून डॉक्टरांकडे न्यावेत आणि स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी), रक्तातलं बायकार्बोनेट व धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी यांबद्दल स्पष्ट विचारावं. लठ्ठपणा असताना बायकार्बोनेट २७ किंवा अधिक असेल तर कार्बन डायऑक्साइड साचत असल्याची शंका घेतात. पुढे प्रयोगशाळेत रात्रभर प्रेशर ठरवून घेणं, गरज पडल्यास बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन), असा मार्ग असतो.

घरात ऑक्सिजनचं यंत्र आहे म्हणून ते परस्पर जोडू नये, हे कळकळीनं सांगते. बोटावरचा आकडा ९५ होईल, पण श्वास तितकाच उथळ राहून कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो, आणि तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. डॉक्टरांनी जोडायला सांगितला असेल तर आधी सीपॅप सुरू करून मग ऑक्सिजन सोडायचा. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग सीपॅप. उलट केलं तर मशीनच्या आत ऑक्सिजन साठून आगीचा धोका असतो. सकाळी डोकं जड, गुंगी उतरत नाही, बोलण्यात गोंधळ, किंवा जागेपणीही रीडिंग ९० च्या खाली असेल तर आलेख जुळवत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.